फोकस कोणावर धरावा?

कबड्डीच्या किंवा खो-खोच्या एखाद्या मोठ्या स्पर्धेचा निकाल ज्या दिवशी वृत्तपत्रात प्रसिद्ध होतो, त्या दिवशी त्या मजकुराशेजारी छापलेल्या चित्राकडे ज्याने क्षणभर थांबून पाहिले असेल, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल, की त्या चित्रात बहुधा खेळ नसतो. चषक असतो, तो देणारे आणि घेणारे हात असतात, पाठीमागे कापडी फलक असतो, आणि ज्यांच्या श्रमांमुळे हा सारा समारंभ घडून आला ते खेळाडू रांगेत उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहत असतात. अशा चित्राला माझी हरकत नाही, कारण विजयाची नोंद दफ्तरी राहिली पाहिजे आणि विजेत्यांची तोंडे त्यांच्या गावाला दिसली पाहिजेत. परंतु ज्या सूर मारण्याने सामना फिरला, ज्या पकडीने लोण चढला, त्यांचा कोणताही दृश्य दाखला मागे राहू नये, आणि पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकाने त्या सामन्याचे चित्र मागितले तर त्याच्या हाती पारितोषिक-वितरणाखेरीज काही पडू नये, ही स्थिती ज्या समाजाने हे खेळ घडवले त्या समाजाला शोभणारी नाही, असे मला मनापासून वाटते.

या उणिवेचे कारण विचारले असता जे उत्तर सर्वत्र मिळते ते साधनांचे असते. चारशे मिलिमीटर नाभ्यंतराची, एफ २.८ इतके मोठे छिद्र असलेली व्यावसायिक लेन्स आज दहा लाख रुपयांच्या पुढे जाते; जिल्ह्याच्या ठिकाणी मानधनावर काम करणाऱ्या छायाचित्रकाराने ती आणावी कोठून, आणि ती नसताना धावत्या खेळाडूचे रेखीव चित्र मिळावे कसे, असा तो युक्तिवाद आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि वेगवान खेळाच्या चित्रात फोकस चुकतो तो यंत्र दुबळे असल्यामुळे जितक्या वेळा चुकतो, त्याहून अधिक वेळा तो कोणावर धरावा हे धरणाऱ्याला वेळेवर न कळल्यामुळे चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हे कळणे पैशाने मिळत नसून खेळाच्या परिचयाने मिळते, जो परिचय महाराष्ट्रात शाळेच्या मैदानापासून प्रत्येकाच्या वाट्याला आलेला असतो.

हे मत केवळ भावनेवर उभे नाही, हे दाखवण्यासाठी थोडे गणित मांडणे अवश्य आहे. कॅमेऱ्यापुढे विशिष्ट अंतरावर काचेचे एक अदृश्य तावदान उभे आहे अशी कल्पना करावी. त्या तावदानात जे सापडते ते रेखीव उमटते, आणि त्याच्या पुढेमागे जे असते ते अंतराच्या प्रमाणात विरघळत जाते. या तावदानाची जाडी लेन्सचे नाभ्यंतर, छिद्राचा आकार आणि विषयाचे अंतर या तिहींवर अवलंबून असते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर दोनशे मिलिमीटरची लेन्स एफ २.८ वर ठेवून आठ मीटरांवरच्या खेळाडूचे चित्र घेतले, तर ही जाडी जेमतेम पाव मीटर भरते. चारशे मिलिमीटरची लेन्स लावून दहा मीटरांवरचा गडी टिपू गेल्यास ती दहा-अकरा सेंटीमीटरांवर येते, म्हणजे डोळा रेखीव आला तरी पुढे आलेला हात धूसर राहणार. छिद्र लहान करून एफ ५.६ वर नेले तर जाडी दुप्पट होते खरी, पण प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो, आणि दिव्यांच्या उजेडात भरलेल्या सभागृहात तो खर्च नेहमीच परवडतो असे नाही. कारण धावत्या शरीराची हालचाल गोठवायची तर शटर एक सहस्रांश सेकंदाच्या आसपास ठेवावे लागते.

आता या तावदानाला वेगाची जोड द्यावी. सेकंदाला सहा मीटर या बेताच्या वेगाने कॅमेऱ्याकडे येणारा गडी एक दशांश सेकंदात साठ सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणजे आठ मीटरांवरच्या त्या पाव मीटर जाडीच्या तावदानातून तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पार होतो. डोळ्याने पाहावे, मनाने ठरवावे आणि बोटाने कळ दाबावी, या व्यवहाराला निरोगी तरुण माणसाला सुद्धा सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत आपला गडी मीटरभराहून अधिक पुढे गेलेला असतो. आरशाच्या कॅमेऱ्यांच्या काळात याला आणखी एक अडचण जोडलेली होती. कळ दाबल्यावर आरसा वर उचलला जाई, त्याला सुमारे एक विसांश सेकंद लागे, आणि ज्या क्षणी प्रकाश फिल्मवर पडे त्याच क्षणी छायाचित्रकाराच्या डोळ्यापुढे अंधार असे. जो क्षण त्याने प्रत्यक्ष पाहिला तो फिल्मवर नसे, आणि जो फिल्मवर उतरला तो त्याने पाहिलेला नसे. यातून निष्पन्न होणारी गोष्ट एवढीच, की खेळाचे चित्र घेणारा मनुष्य दिसलेल्या गोष्टीचे चित्र घेत नाही. पुढे जे होणार आहे त्याचे घेतो.

स्वयंचलित फोकसाचे शास्त्रही याच तत्त्वावर उभे राहिले आहे. मिनोल्टा कंपनीने १९८५ साली ७००० हा कॅमेरा काढून फोकसाची सारी यंत्रणा कॅमेऱ्याच्या देहातच बसवली. १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिका आणून प्रत्येक लेन्सला तिची स्वतःची मोटर दिली. आणि त्या दशकाच्या अखेरीस चालत्या वस्तूचे पुढील स्थान वर्तवणारा फोकस प्रचारात आला. त्याची रीत समजण्यास कठीण नाही. यंत्र विषयाचे अंतर लागोपाठ मोजते, दोन-तीन मोजण्यांवरून त्याचा वेग काढते, आणि शटर उघडेल तेव्हा विषय कोठे असेल याचा हिशेब करून लेन्स आधीच तेथे नेऊन ठेवते. सरळ रेषेत धावणाऱ्या शर्यतीच्या धावपटूसाठी, किंवा यष्टीकडे समान गतीने येणाऱ्या द्रुतगती गोलंदाजासाठी, हा हिशेब इतका अचूक ठरतो की जुन्या पिढीतील ज्या छायाचित्रकारांनी डाव्या हाताने लेन्सचे कडे फिरवून फोकस धावता ठेवण्याची विद्या वर्षानुवर्षे कमावली होती, त्यांनाही त्याचे श्रेय मान्य करावे लागले. मीही ते मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की विषय एकच आहे आणि तो आतापर्यंत जसा चालला तसाच पुढेही चालेल. खो-खोने हे गृहीत मुळापासून उखडून टाकले आहे.

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ज्या खेळाचे नियम प्रथम बांधले गेले, त्या खेळाची रचना छायाचित्रकाराच्या दृष्टीने पाहू लागले की विस्मय वाटतो. दोन खांबांच्या मधल्या पट्टीत आठ गडी एकाआड एक उलटसुलट तोंडे करून बसलेले. पाठलाग करणाऱ्याला ती पट्टी ओलांडण्याची मुभा नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडण्याचीही नाही. पळणाऱ्याला मात्र बसलेल्या गड्यांच्या मधून हवे तसे वळण्याची पूर्ण सवलत. यंत्राने पाठलाग करणाऱ्यावर नजर रोवली आणि त्याचा वेग बिनचूक मोजला, असे समजा. त्याच वेळी तो बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारून खो देतो, स्वतः त्याच्या जागी बसतो, आणि पाठलागाचा सारा वेग एका शरीरातून दुसऱ्या शरीरात निघून जातो. यंत्र इमानदारीने पहिल्यालाच धरून राहते, आणि चित्रात येतो तो नुकताच खाली बसलेला, खेळाशी तूर्त संबंध संपलेला गडी, अत्यंत रेखीव. ज्याच्यावर सामना चालला आहे तो तावदानाबाहेर, अर्धवट धूसर.

हल्लीच्या चांगल्या कॅमेऱ्यांत, फोकस एका विषयाला किती चिकटून राहावा आणि दुसऱ्याकडे किती झटकन जावा, हे ठरवण्याची सोय असते. मध्ये कोणी आडवे आले तर दुर्लक्ष कर असाही हुकूम देता येतो, आणि नवे कोणी आले तर तत्काळ त्याच्याकडे जा असाही देता येतो. खो-खोला हे दोन्ही हुकूम एकाच वेळी हवे असतात. पळणारा गडी बसलेल्यांच्या आडून जाताना यंत्राने हट्ट धरला पाहिजे, नाहीतर फोकस बसलेल्याच्या खांद्यावर अडकतो. आणि खो पडताच तोच हट्ट सोडला पाहिजे, नाहीतर वर वर्णिलेला प्रकार होतो. हा विरोध कोणत्याही एका जुळणीने मिटणारा नाही. म्हणून जाणते छायाचित्रकार फोकसाचे काम शटरच्या कळीकडून काढून घेऊन कॅमेऱ्याच्या पाठीवर अंगठ्याखाली येणाऱ्या बटणाकडे सोपवतात. अंगठा दाबलेला असेतोवर यंत्र पाठलाग करते, उचलला की जेथे आहे तेथे स्थिर राहते, आणि तर्जनीला चित्र घेण्याखेरीज दुसरी जबाबदारी उरत नाही. बसलेला गडी आडवा येणार हे दिसताच अंगठा उचलावा, तो ओलांडला जाताच पुन्हा दाबावा, खो पडताच नव्या गड्यावर नेऊन दाबावा, अशी ही रीत आहे. थोड्या सरावाने ती हाताच्या वळणी पडते.

परंतु अंगठा केव्हा उचलावा हे ठरवायचे कशावरून? येथे खेळाचे ज्ञान कामास येते, आणि खो-खोच्या नियमांनी या बाबतीत छायाचित्रकारावर फार मोठे उपकार करून ठेवले आहेत. बसलेल्या गड्याचे तोंड ज्या अंगाला आहे त्याच अंगाला तो उठणार हे त्याला खो मिळण्यापूर्वीच ठरलेले असते. उठल्यावर डावी-उजवी निवड तो करील, पण एकदा केली की तो तिला बांधलेला असतो. म्हणजे क्षणोक्षणी वाकडीतिकडी होणारी ही धावपळ बाहेरच्याला कितीही गोंधळाची वाटली, तरी नियम जाणणाऱ्याला पुढची चाल अर्धीअधिक उघड असते. पळणारा कोणत्या दोन गड्यांच्या मधून वळण्याच्या बेतात आहे, पाठलाग करणारा हूल देत आहे की खरोखरच खो देणार आहे, तिसऱ्या चौकटीतील गड्याने पाय सरसावून बसण्याचा ढंग बदलला आहे काय, या खुणा लहानपणी हा खेळ खेळलेल्या कोणालाही वाचता येतात. यंत्राचे भाकीत झालेल्या वेगावरून निघते. जाणत्याचे नियमावरून, गड्याच्या स्वभावावरून आणि डावाच्या गरजेवरून निघते.

आणि मग खांब आहे. जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतबाहेर उंचीचा हा लाकडी खांब फोकसाच्या दृष्टीने मैदानातील सर्वांत मोलाची वस्तू आहे, कारण तो हलत नाही. खांबाला एका हाताने विळखा घालून, सारे शरीर आडवे झोकून देऊन पाठलाग करणारा जेव्हा पळणाऱ्याला टिपतो, तेव्हा त्या अर्ध्या सेकंदात कोणत्याही यंत्राला फोकस शोधायला लावणे हा अन्याय आहे. खांबावर फोकस आधीच धरून, तो तेथेच पक्का करून, छिद्र एफ ४ पर्यंत लहान करून तावदानाची जाडी थोडी वाढवावी, आणि पाठलाग त्या बाजूला वळला की केवळ क्षणाची वाट पाहावी, ही जुनी रीत आजही सर्वांत खात्रीची आहे. तीत साध्या लेन्सने मिळालेले चित्र दहा लाखांच्या लेन्सने घेतलेल्या चित्राशेजारी ठेवण्यास लाजणार नाही.

कबड्डीची अडचण निराळ्या जातीची आहे. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, चढाई तीस सेकंदांची. अंतरे लहान, सारा व्यवहार डोळ्यांसमोर. येथे यंत्राला चढाईपटू सापडत नाही असे होत नाही. चेहरा ओळखणारा, डोळ्यावर जाऊन बसणारा आधुनिक फोकस त्याला सहज धरतो. दोष असतो तो यात, की पकडीचे मर्म पुष्कळदा चढाईपटूच्या चेहऱ्यात नसते. डाव्या कोपऱ्यावरचा गडी घोट्यावर झेप घेतो, तेव्हा पकड घडते ती जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि कॅमेऱ्याच्या जागेनुसार ती चेहऱ्याच्या मीटरभर मागे किंवा पुढे असते. सहा मीटरांवरून दोनशे मिलिमीटरच्या लेन्सने एफ २.८ वर चित्र घेणाऱ्याजवळ पंधरा सेंटीमीटरांचे तावदान असते. त्यात चेहरा बसवावा की घोट्याभोवतीची बोटे बसवावीत, याचा निर्णय त्याला करावाच लागतो, आणि तो यंत्रावर सोपवला तर यंत्र दर वेळी चेहराच निवडील. चेहरे सुंदर येतील, आणि गडी बाद कसा झाला हे चित्र पाहणाऱ्याला कधीही कळणार नाही.

जागेचा विचारही येथे फोकसाचाच विचार ठरतो. बचाव करणाऱ्यांच्या अंतिम रेषेमागे बसले तर चढाईपटूचे तोंड समोर येते, त्याची नजर, त्याचा घुमणारा दम, बोनससाठी पुढे टाकलेला पाय हे सर्व दिसते. पण तो सारखा कॅमेऱ्याकडे आणि कॅमेऱ्यापासून दूर असा ये-जा करीत असल्याने अंतर क्षणोक्षणी बदलते. बाजूच्या रेषेशी बसले तर त्याची चाल कॅमेऱ्याला आडवी पडते, अंतर फारसे बदलत नाही, फोकस निवांत राहतो. मात्र सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत, तिसऱ्या चढाईच्या प्रसंगी, कमरेला, मांडीला आणि पायाला तिघे बिलगलेले असताना चढाईपटू उलटा फिरून मध्यरेषेकडे हात ताणतो, तेव्हा त्याचा चेहरा आणि तो हात दोन्ही पाहायचे तर त्याच्या स्वतःच्या संघाच्या बाजूने, जमिनीलगत कॅमेरा धरून, मध्यरेषेवर आधीच फोकस लावून बसलेले असावे लागते. ही जागा कोणत्या मिनिटाला बदलावी, हे गुणफलक आणि चढायांचा क्रम पाहणाऱ्याला कळते. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाल्यापासून या खेळाच्या चित्रांना जो तजेला आला त्याचे श्रेय प्रखर दिव्यांना आणि मॅटच्या रंगांना आहेच, पण हंगामामागून हंगाम तोच खेळ टिपणाऱ्या छायाचित्रकारांच्या हाती ही दृष्टी आली, हेही त्याचे एक कारण असले पाहिजे.

होणाऱ्या गोष्टीच्या जागी आधी जाऊन थांबण्याची ही विद्या नवी नाही. डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज यांच्यातील कसोटी सामना बरोबरीत सुटला, कसोटी क्रिकेटच्या इतिहासातील असा तो पहिलाच. शेवटून दुसऱ्या चेंडूवर ज्यो सॉलोमनने बाजूने फेक करून यष्टी उडवली आणि इयन मेकिफ धावबाद झाला. तो प्रसंग आज जगाला ठाऊक आहे तो मेलबर्नच्या ‘द एज’ या पत्राचे छायाचित्रकार रॉन लव्हिट यांनी घेतलेल्या चित्रामुळे. आनंदाने उसळलेले वेस्ट इंडियन खेळाडू, मोडलेली यष्टी आणि धावून येणारा फलंदाज, हे सर्व एका चौकटीत सामावलेले त्यात दिसते. त्या काळच्या जड, लांबलचक लेन्सने उडत्या चेंडूमागे धावणे कोणालाही शक्य नव्हते. क्रिकेटचे चित्रकार यष्टींवर फोकस धरून तासन् तास बसत, कारण निकाल अखेर तेथेच लागतो हे ते जाणून होते. स्वयंचलित फोकस त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

मल्लखांबाची गोष्ट यांहून सोपी, कारण तेथे अंतर बांधलेलेच असते आणि शरीर त्या एका अक्षाभोवती फिरते. प्रश्न उरतो तो केवळ क्षण निवडण्याचा. कुस्ती मात्र कठीण. दोन देह एकमेकांत गुंतलेले, चेहरे मातीकडे वळलेले, डोळे शोधणारे यंत्र एका मल्लावरून दुसऱ्यावर उड्या मारते. तेथे एकच लहान फोकसबिंदू निवडून तो डाव टाकणाऱ्याच्या पकडीवर ठेवणे हाच मार्ग, आणि डाव कोण टाकणार हे सलामीनंतरच्या पहिल्या झटापटीत ज्याला ओळखता येत नाही त्याला हा मार्गही उपयोगी पडत नाही.

आता नव्या यंत्रांकडे वळू, कारण माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप तेथून येतो. आजचे आरसारहित कॅमेरे मनुष्य, पशू, पक्षी, वाहने यांच्या असंख्य चित्रांवर शिकवून तयार केलेले असतात. ते डोळा ओळखतात, पाठमोरा मनुष्य ओळखतात, आणि काही तर एका सेकंदात तीस, साठ, किंवा सोनीच्या एका कॅमेऱ्यात एकशे वीसपर्यंत चित्रे घेतात. मग खेळ जाणण्याची गरजच काय, कळ दाबून ठेवावी आणि मागाहून निवडावे, असे तरुण मंडळी म्हणतात. यावर माझे उत्तर असे, की फोकस चुकीच्या गड्यावर असेल तर एका चुकीच्या चित्राऐवजी तीस चुकीची चित्रे मिळतात, आणि त्यांतून निवडण्यासारखे काही नसते. याहून महत्त्वाचा दाखला कॅननच्या आर-१ या कॅमेऱ्याचा आहे. २०२४ साली तो बाजारात आला तेव्हा त्यात खेळातील हालचाल ओळखून, चेंडू कोणाकडे आहे, फटका कोण मारीत आहे हे ताडून, फोकस आपण होऊन त्या खेळाडूकडे नेण्याची योजना होती, आणि ती तीन खेळांसाठी होती: फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल. ही कामगिरी खरोखर थोर आहे. पण तिचा अर्थ नीट पाहावा. जगातील अग्रगण्य यंत्रकारांनी अखेर हेच मान्य केले, की वेगाचे गणित पुरेसे नाही, कॅमेऱ्याला खेळ समजला पाहिजे. आणि ज्या खेळांची समज त्यांनी यंत्राला दिली, त्यांत आमचे खेळ नव्हते. त्यात त्यांचा दोष मी काढीत नाही. ज्या खेळांची चित्रे जगभर विपुल आहेत आणि ज्यांची बाजारपेठ मोठी आहे, त्यांपासून आरंभ होणार हे उघड आहे. पण खो कोणाला मिळणार हे ओळखणारी समज आज पुणे, सांगली, ठाणे, धाराशिव येथल्या मैदानांवर वाढलेल्या माणसांजवळ आहे, आणि ती त्यांनी चित्रांत उतरवली नाही तर ती कोणत्याही यंत्रात उतरणार नाही.

या कामी आमच्या वृत्तपत्रांचा कारभार कसा चालतो, हे सांगणे मला भाग आहे. छायाचित्रकाराला सकाळी पत्रकार परिषद, दुपारी मोर्चा आणि सायंकाळी अंतिम सामन्याचा शेवटचा अर्धा तास, अशी कामे वाटून दिली जातात; तो धापा टाकीत मैदानावर पोहोचतो, चषकाचे चित्र घेतो आणि परततो. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याला खेळाचा क्रम बांधताच आला नाही, त्याने पुढचा क्षण वर्तवावा कसा? एका छायाचित्रकाराला एक हंगामभर एकच खेळ नेमून द्यावा, साखळी सामन्यांपासून त्याला तेथे बसू द्यावे, गड्यांची नावे आणि त्यांच्या लकबी त्याच्या अंगवळणी पडू द्याव्यात, एवढी तजवीज कोणत्याही संपादकाला अतिरिक्त खर्चाशिवाय करता येण्यासारखी आहे. वृत्तविद्येच्या वर्गांत लेन्सची नावे शिकवण्याआधी मैदानाचा नकाशा आणि नियम शिकवावेत, असेही मी सुचवीन.

खेळाच्या संघटनांकडे माझे मागणे जागेचे आहे. चित्रकाराने कोठे बसावे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण खेळाच्या चित्रणाची दिशा त्याने ठरते. इंग्लंडच्या कसोटी मैदानांवर छायाचित्रणाचा मक्ता दीर्घकाळ मोजक्या वृत्तसंस्थांकडेच होता. १९७२ च्या सुमारास तो सैल झाला, आणि मैदानावर प्रवेश मिळालेल्या पॅट्रिक ईगर यांनी पुढील दशकांत क्रिकेटच्या चित्रणाचे रूप पालटून टाकले. आमच्याकडे मक्ता नाही. आमच्याकडे खांबामागची आणि अंतिम रेषेमागची जागा पाहुण्यांच्या कोचांनी, स्वागताच्या कमानींनी आणि प्रायोजकांच्या फलकांनी व्यापलेली असते, आणि छायाचित्रकाराला कोठेतरी कोपऱ्यात, पंचांच्या पाठीआड उभे केले जाते. दोन्ही खांबांच्या मागे, खेळाडूंच्या सुरक्षिततेला बाध येणार नाही इतक्या अंतरावर, जमिनीवर बसून काम करण्यासाठी थोडी जागा राखून ठेवणे, सामन्याआधी दोन्ही संघांच्या गड्यांची क्रमांकवार यादी तेथे देणे, आणि मैदानावरचे दिवे केवळ मध्यावर न रोखता खांबांपर्यंत सारखे पसरतील असा बंदोबस्त करणे, इतके कोणत्याही आयोजकाच्या आवाक्यात आहे.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, पुरुष आणि महिला दोन्ही विभागांत भारत विजयी झाला, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या रूपाने, महाराष्ट्राकडे होते. या विजयाने खेळाकडे पाहणाऱ्यांची संख्या निश्चित वाढली आहे, आणि त्यांत ज्यांच्या हाती कॅमेरा आहे अशा मुलामुलींची संख्याही थोडी नसेल. त्यांनी महागड्या लेन्सची वाट पाहू नये. शालेय स्पर्धांचे सामने पुष्कळदा उघड्या मैदानावर, दिवसाउजेडी होतात. दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ दोनशे-चारशेवर एफ ५.६ च्या छिद्राने एक सहस्रांश सेकंदाचे शटर सहज मिळते, आणि साधारण कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पंचावन्न ते दोनशेपन्नास किंवा सत्तर ते तीनशे मिलिमीटरच्या लेन्सला याहून अधिक काही लागत नाही. आरंभी एक डाव नुसता पाहावा, दुसऱ्या डावात केवळ खांबावर फोकस बांधून बसावे, आणि तेथे हात बसल्यावरच धावत्या गड्यामागे अंगठा लावावा.